पासष्ट अंश

शाहदाद म्हणाला, बाई, वजन विसरा आधी.
रुवीतलं त्याचं दुकान: दारात पोरांच्या तीनचाकी,
मागे पंख्याखाली डोंगरात न्यायच्या सायकली.
आणि मी एकेक उचलून बघत होते
बाजारात कलिंगड जोखतात तशी.

पर्समध्ये दोनशे ऐंशी रियाल.
म्हणजे भाडं देऊन, इचलकरंजीला पाठवून,
दाताची कॅप पुढच्या महिन्यावर ढकलून
उरलेले.
तेरेसिता म्हणाली होती, मागेही स्प्रिंग असलेली घे,
तुझ्या कमरेला बरी.
तेवढ्या पैशांत आमच्याकडे रिक्षा येते.
जुनी, पण येते.

तर मग मागून कडकच.
पुढे तेवढा फोर्क, एकशेतीस मिलिमीटर,
दाबला की हुश्श करणारा.
मागे धक्का बसला तर काय, मी विचारलं.
मागे तुमचे गुडघे आहेत की, तो म्हणाला.
ते आहेत. तक्रार करतात, पण येतात कामाला.

पहिली सायकल चिंचोळी, ताठ,
पुढचं चाक पोटाशी ओढून
तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.
दुसरी लाल. सत्तावीस गिअर आणि भरपूर स्टिकर.
तिच्याकडे शाहदादने बघितलंसुद्धा नाही.
तिसरी शिळ्या पिठल्याच्या रंगाची,
गेल्या वर्षीची, कुणी न नेलेली.
पुढचं चाक लांब टाकून उभी होती,
जेवण झाल्यावर भिंतीला टेकून
पाय पसरतं माणूस, तशी.

मी पर्समधून कोनमापक काढला.
हसू नका, एकवीस वर्षं एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढते मी.
नव्वद, पंचेचाळीस, पुन्हा नव्वद.
मस्कतच्या निम्म्या मॉलांत हवा
माझ्या कोपऱ्यांवरून वळून जाते,
हे अर्थात माझं म्हणणं.
हँडलखालच्या नळीला कोनमापक लावला,
एक डोळा मिटला.
पासष्ट.
माझ्या ऑफिसात पासष्ट अंश दाखवला असता
तर साइटवरून फोन आला असता,
मॅडम, बरं वाटत नाही का?

शाहदादने जमिनीवर बसून बोटाने उतार काढला.
ताठ असते ती उतारावर तुम्हाला
हँडलवरून पुढे ओतायला बघते.
ही नाही ओतत.
चढावर मात्र हिचं तोंड भरकटेल, आत्ताच सांगतो,
नंतर भांडायला येऊ नका.
म्हटलं, चढ मी उतरून ढकलीन.
ढकलायची लाज कधीच संपली माझी.

लेबलवर दोनशे पंच्याण्णव.
रंगाचे पाच कमी करा, मी म्हणाले.
रंगाचे दहा, तो म्हणाला, पेडलांचे पाच,
प्लास्टिकची आहेत, फेकून द्या महिन्याभरात.
ब्रेक तेलाचे, ते जपा.
बटण दाबून खाली जाणारी सीट हवी तर
तीस रियाल वर. तूर्त हाताने खाली करा.
दोनशे ऐंशी मोजून दिले
आणि टॅक्सीला काही उरलं नाही म्हणून
चालवतच घरी नेली, सिग्नलला पाय टेकत,
पाठीवर कोनमापकाची पर्स.

शुक्रवारी अल अमरातच्या मागच्या टेकड्यांत.
पहाटे पाच. दगड करपलेल्या पोळीसारखे, कडांना धार.
चढावर तोंड भरकटलं. ढकलली.
मग उतार, आणि मी मागे सरकले, जराशी,
कुणी न सांगता.
पुढचं चाक दगड आधी बघत होतं,
मग मला कळवत होतं.
गुडघे बोलले. ऐकून घेतलं.
तेरेसिता खूप पुढे, तिची महागडी निःशब्द.

वादीत समरच्या झाडाखाली काटा शिरला.
टायरमधून पांढरं दूध फसफसून आलं.
मला रडूच आलं असतं, पण शाहदादने सांगून ठेवलेलं,
भोक खाली करा आणि घाई करू नका,
आतलं दूध स्वतःच गोठतं.
चाक फिरवलं. भोक जमिनीकडे.
एक बकरी समरच्या शेंगा चघळत बघत होती.
फसफस बारीक झाली, थांबली, पुन्हा झाली.

मी सीटवर हात ठेवून उभी होते.
सव्वासहा. ऊन अजून टेकडीच्या पलीकडे.